आईच्या अंत्यविधीत ४७,००० रुपयांना फसले, निदान तुम्ही तरी सावध रहा

तीन महिने झाले, लिहू की नको असं चाललं होतं. घरातले म्हणतात जाऊ दे, आईच्या नावाने कशाला पैशांचा हिशोब काढायचा. पण काल ओळखीतल्या एका कुटुंबासोबत डिट्टो हाच प्रकार झाल्याचं कळलं आणि मग राहवलं नाही.

आई घरीच गेली, पहाटे ३:४० ला. वय ७४, हार्टचा त्रास जुना होता. घरात मी आणि माझा बारावीतला मुलगा, मिस्टर टूरवर, भाऊ दुबईला. फॅमिली डॉक्टरांचा फोन बंद. सगळं सांगतेय कारण नंतर प्रत्येक जण मला एकच विचारतो, "अगं एवढी शिकलेली तू, तुला कळलं कसं नाही?" नाही कळलं. आईचा हात हातात होता आणि तो गार पडत चालला होता, त्या वेळी काय कळणार होतं मला.

वॉचमनने एक नंबर दिला, "अंत्यविधीचं सगळं करतात, चांगला माणूस आहे." (वॉचमनला एका कॉलमागे १,००० मिळतात हे नंतर कळलं.) माणूस २० मिनिटांत हजर. पांढरा शर्ट, आल्या आल्या आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "ताई, आता तुम्ही फक्त रडा, बाकी सगळं माझ्यावर सोडा." आणि मी सोडलं! अख्ख्या रात्रीत मला ताई म्हणून कोणी धीर दिला असेल तर तो याच माणसाने, आणि त्याच्या जोरावरच त्याने पुढचं सगळं केलं.

पहिली भीती घातली ती पोलिसांची. "घरी मयत झालंय, डॉक्टरचं सर्टिफिकेट नसेल तर पोलीस येतील, बॉडी पोस्टमॉर्टेमला नेतील." झालं, माझे हातपाय गळाले. त्याने एक डॉक्टर बोलावला, ६,००० रुपये. तो डॉक्टर जिन्यात उभ्या उभ्या सही करून गेला, आईला त्याने हातसुद्धा लावला नाही. आमचे डॉक्टर ९ वाजता धावत आले आणि म्हणाले मी इतकी वर्षं त्यांना तपासतोय, मीच दिलं असतं ना. आणि ऐका, जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला फी न घेता द्यायचा. तेव्हा घरी कोणी आजारी असेल तर डॉक्टरांचा दुसरा नंबर, घरचा नंबर, सगळे आजच लिहून ठेवा.

भाऊ दुपारी पोचणार म्हणून फ्रीजर पेटी ६,५००. शववाहिनी ५,५००, स्मशान घरापासून अडीच किलोमीटर. तिरडीचं सामान म्हणजे बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, हार, गोवऱ्या, तूप, कापूर एवढ्याचे ७,८००. हेच सगळं सामान स्मशानाच्या गेटबाहेरच्या दुकानात नंतर विचारलं तर २,८०० सांगितले. स्मशान चार्ज २,५००. डेथ सर्टिफिकेट काढून देण्याचे ३,५००. आणि लाकूड ११,२००. एकूण ४३,०००. सकाळी २०,००० आणि स्मशानात २३,०००, दोन्ही वेळा यूपीआयने, आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचा अकाउंट आहे ताई." बरं, म्हटलं.

आता लाकडाचं सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून जातच नाही. मुंबईत पालिकेच्या स्मशानात लाकूड मोफत मिळतं, साधारण ३०० किलो. विद्युतदाहिनी पण मोफत. मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ताई, सरकारी लाकूड ओलं असतं, नीट जळत नाही. आईला ओल्या लाकडावर ठेवणार का तुम्ही?" सांगा, या प्रश्नाला कुठली मुलगी हो म्हणेल? म्हटलं चांगलं आणा, लागतील तेवढे घ्या.

आणि मग स्मशानात ऑफिसमधल्या माणसाने रजिस्टर पुढे केलं, म्हणाला "लाकूड मिळाल्याची सही करा". मी केली. त्या रकान्यात ३०० किलो आणि पुढे विनामूल्य असं लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. बाजूला काट्यावर लाकडं मोजून टाकत होते, तीच लाकडं, मी डोळ्यांनी बघत होते, वेगळा टेम्पो आला नव्हता, वेगळं काहीच आलं नव्हतं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही की मग माझ्या ११,२०० चं लाकूड आहे कुठे. तो माझ्या आणि ऑफिसच्या खिडकीच्या मध्ये उभा होता, "ताई तुम्ही आईजवळ थांबा, गुरुजी बोलावतायत, कागदाचं मी बघतो." भाऊ मडकं घेऊन उभा होता. मी सही करून वळले. पाच सेकंद, फक्त पाच सेकंद वर वाचलं असतं तर.

स्मशानात कुठल्याही कागदावर सही करताना वाचा. रडत रडत वाचा, पण वाचा.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा हा पुन्हा हजर, नाशिकला अस्थिविसर्जनाचं १८,००० चं पॅकेज घेऊन. भावाने नको म्हटलं म्हणून वाचलो. मग सर्टिफिकेट आलं तर त्यात आईचं वय ४७. फॉर्म त्यानेच भरलेला. बँक म्हणते हे चालणार नाही, एफडी अडकली. त्याला फोन केला तर म्हणतो करेक्शनचे ४,००० लागतील. आणि मी दिले! हो, दिले, कारण अजूनही मला तो "चांगला माणूस"च वाटत होता. त्या दिवसापासून फोन उचलत नाही. म्हणून ४७,०००.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर फी नाही, आणि नोंद झाल्यावर माहिती देणाऱ्याला उतारा कायद्याने फुकट मिळतो. फॉर्म स्वतः भरा, आधार कार्ड समोर ठेवून, एक एक अक्षर जुळवून.

पोलीस स्टेशनला चार वेळा गेले. पहिल्यांदा, पावती कुठे आहे. दुसऱ्यांदा, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा म्हणाले यूपीआयने गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही माणसाला समोर बघून दिलेत, ही आमची केसच नाही. चौथ्यांदा मी वाचून गेले होते, १ जुलै २०२४ पासून ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तसं सांगितलं तर हवालदार म्हणतो, "मॅडम, रजिस्टरवर सही तुमचीच आहे ना? मग फसवणूक कसली?" अहो, त्या सहीवरूनच तर कळतंय की लाकूड फुकट मिळालं आणि त्याने पैसे घेतले! माझा पुरावा माझ्याच तोंडावर फेकला. एक कागद लिहून घेतला, त्याचा नंबर मागितला तर "येईल मेसेज". दोन महिने झाले, मेसेज नाही. आईच्या बाबतीत हे बोलताना माझा आवाज चढला तर मलाच सांगतात मॅडम शांत बसा.

नोंदणीच्या खिडकीवर तर वेगळंच. वय दुरुस्त करायला अ‍ॅफिडेविट आणा, ते आणलं तर शाळेचा दाखला आणा, ७४ वर्षांच्या बाईचा शाळेचा दाखला मी कुठून आणू, ती चौथीत शाळेतून निघालेली.

एक माणूस मात्र नीट बोलला, स्मशानातला, चिता रचणारा. रजिस्टरचं पान बघायला गेले तेव्हा म्हणाला, "ताई, हे रोज इथे उभे असतात. आम्हाला विचारायचं होतंत, आम्ही सांगितलं असतं." त्या दिवशी त्या माणसाच्या हातावर मी १०० रुपये ठेवले होते. आईला शेवटपर्यंत सांभाळलं ते त्याने.

जवळच्या स्मशानाच्या ऑफिसचा नंबर आत्ता शोधून घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये सेव्ह करा. लाज वाटेल, अपशकुन वाटेल, तरी करा. अंत्यविधीचा माणूस आणलाच तर घरातल्या सगळ्यांत कमी रडणाऱ्या माणसाला त्याच्याशी बोलू द्या, दूरचा भाऊ, शेजारी, कोणीही. दर आधी कागदावर. दुसऱ्याच्या नावाच्या अकाउंटवर एक रुपया नाही.

शाळेच्या दाखल्यासाठी मामा परवा गावी जातोय. शाळेचं जुनं रजिस्टर सापडलं तर सोमवारी पुन्हा त्या खिडकीवर.