परसात माकडं: झटका लावावा की जाळी?

फटाके, बुजगावणं, गलोल हे सगळं तुमचं करून झालंय असं धरूनच लिहितो. आठवडाभर माकडं बिचकतात, मग बुजगावण्याच्या खांद्यावर बसून पपई खातात. आमचं घर राजापूरजवळ, परस जेमतेम २ गुंठ्यांचं. लालतोंडी माकडं आणि काळतोंडे वानर, दोघांचीही ये-जा. शेवटी उपाय उरतात दोनच: सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा धक्का सोडणारं), नाहीतर वरूनही झाकलेली लोखंडी जाळी. पहिला मी ३ वर्षं वापरला, दुसरा गेली २ वर्षं वापरतोय.

झटक्याला उगाच नावं ठेवणार नाही. धक्का साधारण सेकंदाला एकदा, तोही क्षणभराचा. जनावर दचकून मागे सरतं, जीव जात नाही. (घरातली वीज थेट तारेत सोडायचा विचार मात्र चुकूनही नको, त्यात माणसं गेली आहेत.) बसवणारा एक गोष्ट सहसा सांगत नाही. माकड झाडावरून थेट तारेवर उतरलं आणि त्याचा पाय जमिनीला लागलाच नाही, तर त्याला काही होत नाही. तारेवर चिमणी बसते तसं निवांत बसतं. म्हणून एक तार करंटची, एक अर्थिंगची अशा आलटून-पालटून ओढाव्या लागतात. आणि फणसाची एखादी फांदी कुंपणावरून आत आली असेल तर तेही फुकट. पावसाळ्यात ओलं गवत तारेला टेकलं की झटका तिथेच मुरतो, त्यामुळे दर आठ दिवसांनी कोयती हातात. उन्हाळ्यात उलटं दुखणं: जांभा सुकला की अर्थिंग मंदावतं, मग अर्थिंगच्या सळीपाशी कळशीभर पाणी ओतायचं.

एवढं सगळं मी सोसलं असतं. मला खरं टेकीस आणलं ते बटणानं. परस ही दिवसातून दहा वेळा जायची जागा. आई सकाळी जास्वंदीला, बायको फोडणी चढवून कढीलिंबाला, मी केळीच्या आळ्यात पाणी सोडायला. प्रत्येक वेळी पडवीतलं मशीन बंद करायचं, परत येताना चालू करायचं. येताना हात भरलेले, गॅसवर तेल तापलेलं. विसरायला होतंच. मशीनची टिकटिक थांबली की माकडांना कळत असावं, असा माझा आपला संशय. पुरावा काही नाही. पण एकदा उतरवायला झालेला केळीचा घड अर्ध्या तासात संपला, आणि बटण बंदच होतं. त्या दिवशी परसात शेवटचं कोण गेलं होतं यावरून घरात जे बोलणं झालं, ते लिहिण्यासारखं नाही.

जाळीला बटण नाही. कडी लावली की झालं, आणि ती आपसूक लागेल अशी स्प्रिंग मी दाराला बसवून घेतली.

नायलॉनच्या जाळीच्या वाटेला मात्र जाऊ नका. माकडं दातांनी फाडतात, शिवाय धामणी अडकतात. एक आम्ही कात्रीनं सोडवली, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो. लोखंडी घ्या, एक इंची घराची. दोन इंचीतून पिल्लाचा हात कोपरापर्यंत आत येतो. इंचभर घरातून मधमाशी आरामात जाते, तेव्हा काकडी-कारली धरतील का ही काळजी नको. खाली वीतभर जमिनीत पुरा, नाहीतर साळिंदर उकरून सुरणापर्यंत पोचतो. उंदरांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, तो इथे धरलेला नाही.

उणिवा आहेतच. माझा खर्च झटक्याच्या दुपटीवर गेला. समुद्र जवळ असेल तर गंज लवकर धरेल. केळी-पपईच्या उंचीला पिंजरा परवडत नाही, त्यामुळे ती बाहेरच राहिली आणि त्यांच्यावर मी जवळपास पाणी सोडलंय. तुमची आंबा-काजूची बाग असेल किंवा डुकरांचा त्रास असेल, तर जाळीचा हिशोबच मांडू नका. तिथे झटकाच बरा. पण स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेली भाजी राखायची असेल, तर मी तरी परत जाळीकडेच वळेन.

पडवळाचा वेल आता जाळीवर चढलाय. आत लोंबतात ते आमचे, बाहेर लोंबतात ते त्यांचे. आई हल्ली कोवळे वेळीच आत ढकलते.