सीटीआरआय: क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही पेशंटच्या घरच्यांना किती कामाची?

वॉर्डात एखादे निवासी डॉक्टर येऊन म्हणतात, "आमच्या कॉलेजचा एक अभ्यास चालू आहे, यांना त्यात घेऊ का?" समोर संमतीपत्र असतं, पेशंट खाटेवर असतो आणि नातेवाइकाला हो किंवा नाही सांगायचं असतं. हा अभ्यास खरोखर नोंदलेला आहे का, कोण करतंय, नेमकं काय तपासतायत, हे स्वतः पाहायची एक जागा फुकट उपलब्ध आहे. तिचं नाव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजेच सीटीआरआय. पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) दिल्लीतल्या वैद्यकीय सांख्यिकी संस्थेने २० जुलै २००७ रोजी ती सुरू केली. औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद झालेली असली पाहिजे, असा नियम आहे. नोंद करायला डॉक्टरांना पैसे पडत नाहीत आणि वाचायला आपल्याला.

आमचं मत आधीच सांगतो. नोंदवही म्हणून ही जागा भक्कम आहे, पण सामान्य माणसाला समजावून सांगणारी सेवा म्हणून कच्ची आहे. कुठे काय पाहायचं हे माहीत असेल, तर पंधरा मिनिटांत भरपूर हाती लागतं. माहीत नसेल, तर दोन स्क्रोलमध्ये माणूस कंटाळून बाहेर पडतो.

नोंद शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांकडून सीटीआरआय नंबर मागून घेणं. त्याची रचना ठरलेली आहे: सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी क्रमांक. कोविडच्या प्लाझ्मा उपचारावर आयसीएमआरने केलेल्या 'प्लॅसिड' ट्रायलचा नंबर आहे सीटीआरआय/२०२०/०४/०२४७७५. म्हणजे नोंद एप्रिल २०२० ची. नंबर नसेल तर शब्दाने शोधावं लागतं, आणि इथे बरेच जण अडकतात, कारण नोंदी इंग्रजीत आहेत आणि एकाच गोष्टीची दोन नावं चालतात. भूल देण्याच्या ज्या इंजेक्शनला आपल्याकडे लिग्नोकेन म्हणतात, ते परदेशी पद्धतीने लिहिणारे लिडोकेन लिहितात. दोन्ही टाकून पाहा. आयुर्वेदातल्या अभ्यासांचं तर आणखी अवघड. आमवात हा शब्द रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिला जातो, म्हणून सोबत संधिवाताचं इंग्रजी नावही टाकून शोधा. तरीही सापडलं नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपी या शोधपानावर पाहा. सीटीआरआयच्या नोंदी तिथेही असतात.

नोंद उघडली की सर्वात आधी वरच्या तारखा वाचा. 'रजिस्टर्ड ऑन' पुढे तारीख असते आणि नोंद आधी झाली की मागाहून, तेही लिहिलेलं असतं. ती तारीख खाली दिलेल्या पहिल्या पेशंटच्या तारखेशी ताडून पाहा. यात कागदी शिस्तीपेक्षा जास्त काही आहे. एखाद्या अभ्यासात वेदना, ताप, रक्तातली साखर, दवाखान्यातले दिवस अशा दहा गोष्टी मोजल्या, तर त्यातली एखादी नुसत्या योगायोगानेही औषधाच्या बाजूने झुकते. नोंद मागाहून केली, तर "आम्ही हेच मोजायचं ठरवलं होतं" असं म्हणायला वाट राहते. आधी नोंद केली की ती वाट बंद होते. म्हणून 'प्रायमरी आउटकम' हा रकाना जपून वाचा. काय मोजणार आणि कितव्या दिवशी मोजणार, या दोन्ही गोष्टी तिथे असल्या पाहिजेत. "सुधारणा" एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. "२८ व्या दिवसापर्यंत मृत्यू" हे नेमकं आहे.

पुढचे दोन रकाने बहुतेक लोक सोडून देतात, पण अभ्यासाचा कस तिथेच कळतो. कोणत्या पेशंटला नवीन उपचार आणि कोणाला नेहमीचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं पाहिजे. चिठ्ठी कशी तयार केली ते एका रकान्यात असतं, आणि ती पेशंट घेईपर्यंत डॉक्टरांपासून कशी झाकून ठेवली ते दुसऱ्यात. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. क्रमांक घातलेली, बंद, अपारदर्शक पाकिटं असं लिहिलं असेल तर चालेल. 'अपारदर्शक' हा शब्द उगीच नाही. पातळ पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं अक्षर दिसतं. पुढच्या पाकिटात नेहमीचा उपचार आहे हे कळलं, की डॉक्टर नकळत अत्यवस्थ पेशंटला आजच्याऐवजी उद्या घेतो, आणि दोन गट सुरुवातीपासूनच असमान होतात. केसपेपरच्या नंबरावरून किंवा एक सोडून एक पद्धतीने वाटप असेल, तर काहीच झाकलेलं नाही असं समजा. सम नंबर आला की काय मिळणार हे सगळ्या वॉर्डाला माहीत असतं. फोनवरून किंवा संगणकावरून मध्यवर्ती वाटप सर्वात खात्रीचं.

आता विद्यापीठांच्या अभ्यासांबद्दल. नोंदीत 'पोस्ट ग्रॅज्युएट थेसिस' असा एक रकाना आहे. तिथे 'येस' दिसलं, तर समजा की एमडी, एमएस किंवा आयुर्वेदातलं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा हा प्रबंध आहे. महाराष्ट्रात असे बरेचसे प्रबंध नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जातात. त्यात वावगं काही नाही, डॉक्टर संशोधन शिकतात ते असंच. पण अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यातून पेशंट गोळा करायला मिळणारा काळ आणखी कमी. त्यामुळे 'सॅम्पल साइझ', म्हणजे अभ्यासातल्या पेशंटची संख्या, बऱ्याचदा साठ-सत्तरच्या आसपास असतो. एवढ्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे एका खऱ्या उदाहरणाने पाहू.

ऑक्सफर्ड विद्यापीठाची कोविडच्या उपचारांवरची 'रिकव्हरी' ट्रायल, प्रमुख संशोधक पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे. पहिला पेशंट १९ मार्च २०२० ला घेतला आणि १६ जून २०२० ला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर केला. औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ते मिळालेले २१०४ पेशंट, नेहमीच्या उपचारावरचे ४३२१. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, म्हणजे साधारण आठ जणांना औषध दिलं की एक जीव वाचला. एवढा मोठा फरक ३०-३० च्या दोन गटांत कसा दिसला असता? एका बाजूला १२ मृत्यू, दुसऱ्या बाजूला ९. तीन पेशंटचा फरक निव्वळ नशिबानेही पडतो. म्हणून लहान प्रबंधात मृत्यू कमी झाल्याचा दावा असेल तर त्यावर विसंबू नका. पण भुलेनंतर उलटी होते का, टाक्यांचं दुखणं किती, असे मोजायला सोपे आणि वारंवार घडणारे प्रश्न साठ पेशंटमध्येही बऱ्यापैकी तपासता येतात.

आणखी एका रकान्याने लोक विनाकारण घाबरतात. औषध नियंत्रकाच्या मंजुरीपुढे 'नॉट ॲप्लिकेबल' लिहिलेलं दिसतं आणि वाटतं, परवानगीच घेतली नाही. २०१९ च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांत 'ॲकॅडेमिक ट्रायल' असा वेगळा प्रकार आहे. आधीच मंजूर असलेलं औषध नव्या आजारासाठी, नव्या मात्रेत किंवा नव्या मार्गाने तपासायचं असेल, आणि निकाल कंपनीला विक्रीची मंजुरी मिळवायला वापरायचा नसेल, तर एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित जपलं जातंय का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी पुरते. तेव्हा या रकान्यात 'नॉट ॲप्लिकेबल' दिसलं तर एथिक्स कमिटीचा रकाना पाहा. कमिटीचं नाव आणि मंजुरीचा तपशील तिथे हवाच. औषध बाजारात मुळीच नसेल आणि तरीही वर 'नॉट ॲप्लिकेबल' असेल, तर मात्र थांबून विचारा.

अशा ट्रायलची गरज का आहे, हे मुंबईतल्या एका उदाहरणावरून कळेल. टाटा मेमोरियल सेंटर होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी ७ ते १० मिनिटं गाठीच्या भोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचून पाहिलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. लिग्नोकेन जुनं आहे, स्वस्त आहे, कोणतीही कंपनी ते बनवू शकते. त्यावर ११ केंद्रांत वर्षानुवर्षं अभ्यास करायला कोणती कंपनी पैसे घालेल? हे काम विद्यापीठं आणि सार्वजनिक रुग्णालयांनीच करायचं असतं. डेक्सामेथासोनचंही तसंच.

आता कच्च्या बाजूबद्दल. नोंदीच्या तळाशी 'ब्रीफ समरी' नावाचा रकाना आहे. सामान्य माणसाला चार ओळींत समजावायची जागा खरं तर हीच. पण तो संशोधकच भरतात, आणि बहुतेक वेळा प्रबंधाचा सारांश तसाच चिकटवतात, संदर्भक्रमांक आणि संख्याशास्त्राच्या सूत्रासकट. ब्रिटनच्या आयएसआरसीटीएन नोंदवहीत याच जागी ठरलेले प्रश्न असतात: अभ्यास कशासाठी, कोण भाग घेऊ शकतं, भाग घेतला तर काय होईल, फायदे आणि धोके काय, कुठून चालतो, किती काळ, पैसे कोणाचे, संपर्क कोणाला. रिकव्हरीचा तिथला नंबर ५०१८९६७३. प्रश्न ठरलेले असले की उत्तर टाळता येत नाही. सीटीआरआयने एवढी एक गोष्ट केली आणि ती उत्तरं मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये मागितली, तर या नोंदवहीचं मोल कितीतरी वाढेल. पेशंटच्या भाषेतलं माहितीपत्रक एथिक्स कमिटीला द्यावंच लागतं. म्हणजे मजकूर तयार असतो, तो फक्त लोकांपुढे येत नाही.

ही मागणी निव्वळ सोयीसाठी नाही. रिकव्हरीच्या निकालात तीन ओळी होत्या. व्हेंटिलेटरवर मोठा फायदा. नुसत्या ऑक्सिजनवर त्याहून कमी, मृत्यू २६.२ वरून २३.३ टक्के. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात मृत्यू १४.० च्या जागी १७.८ टक्के, म्हणजे फायदा दिसला नाही आणि नुकसानाची शक्यता उरली. पहिल्या दिवसापासून ऑक्सफर्डने हे गट वेगवेगळे सांगितले होते. आपल्याकडे पोहोचलं ते एकच वाक्य: कोविडवर स्टेरॉइड चालतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या, ऑक्सिजन उत्तम असलेल्या माणसांनी त्याच गोळ्या घेतल्या, कित्येकांना मधुमेह होता, साखर चढली, आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, माणसांचे डोळे आणि जबडे गेले. डॉक्टरांनी त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणं सांगितली. म्हणून नोंदीत 'इन्क्लुजन' आणि 'एक्सक्लुजन' हे रकाने दोनदा वाचा. कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं, हे तिथे असतं. तुमचा माणूस वगळलेल्यांत बसत असेल, तर पेपरात आलेला निकाल त्याच्यासाठी नाही.

सर्वात मोठी उणीव निकालाची. 'पब्लिकेशन डिटेल्स' हा रकाना पुष्कळदा 'निल' किंवा 'एन/ए' राहतो, अभ्यास संपून वर्षं झाली तरी. निकाल पाहायचा असेल तर सीटीआरआय नंबर अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर शोधा. आता बहुतेक नियतकालिकं लेखात नंबर छापायला लावतात. प्लॅसिडचा निकाल असाच सापडतो: ३९ रुग्णालयं, ४६४ पेशंट, २०० मिलिलिटर प्लाझ्मा दोनदा, २४ तासांच्या अंतराने. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू प्लाझ्माच्या गटात १९ टक्के, नेहमीच्या उपचारात १८ टक्के. ज्या प्लाझ्मासाठी लोकांनी रात्र-रात्र फोन फिरवले, त्याचा उपयोग होत नाही हे २०२० मध्येच छापून आलं होतं, आणि मे २०२१ मध्ये तो सरकारी उपचारसूचीतून निघाला.

'रिक्रूटमेंट स्टेटस'वरही डोळे झाकून जाऊ नका. 'ओपन' लिहिलेलं असतं, पण भरती कधीच बंद झालेली असते, कारण संशोधकाने माहिती ताजी केलेली नसते. शेवटच्या बदलाची तारीख वर असते. ती वर्षभर जुनी असेल, तर प्रवासाचं तिकीट काढण्याआधी फोन करा. नोंदीत दोन संपर्क दिलेले असतात, एक शास्त्रीय प्रश्नांसाठी आणि एक सामान्य लोकांच्या प्रश्नांसाठी. दुसरा तुमचाच आहे. फोनवर एवढं विचारा: भरती चालू आहे का, माझा पेशंट निकषांत बसतो का, तपासण्यांचा खर्च कोण करणार, त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, मधेच बाहेर पडलो तर इथले नेहमीचे उपचार चालू राहतील ना, आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मला कधी मिळेल.