नव्या बातमीदाराने लोकलचा पास कुठवरचा काढावा?

मुंबईत पहिल्या नोकरीला आलेली बातमीदार मुलं बहुतेकदा घर ते ऑफिस एवढाच पास काढतात. तिथेच चुकतं. ऑफिस परळला असलं तरी बातमी फोर्टात असते: सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मध्य रेल्वेचं शेवटचं स्टेशन) समोर महापालिका, जवळच आझाद मैदान, क्रॉफर्ड मार्केटसमोर पोलीस आयुक्तालय, आणि पुढे मंत्रालय, विधान भवन. म्हणून सेकंड क्लासचा पास सरळ शेवटच्या स्टेशनपर्यंतचा घ्यावा. ठाणे-सीएसएमटी पासवर मध्ये कुठेही उतरता येतं, वेगळं तिकीट लागत नाही. फक्त फास्ट लोकल परळला थांबत नाही. दादरला उतरून स्लो पकडायची.

मध्य रेल्वेवर राहणाऱ्याला मंत्रालयाचं बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी, मिळालं, तर दादरमार्गे चर्चगेट (मंत्रालयाजवळचं पश्चिम रेल्वेचं शेवटचं स्टेशन) असा पास निघतो. पण त्यात दादर-सीएसएमटी हा पट्टा येत नाही, आणि ऐनवेळी महापालिकेत पाठवलं की पंचाईत. त्यापेक्षा सीएसएमटीचाच पास बरा. तिथून भुयारी मेट्रो ३ ने विधान भवन तिसरं स्टेशन. कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, मात्र भुयारात उतरण्याआधीच पाठवून टाकावी, खाली मोबाइलच्या नेटवर्कवर भिस्त ठेवू नये.

पहिला पास महिन्याचाच काढा. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट किमतीत मिळतो, म्हणजे थोडी बचत होते खरी. पण सुरुवातीला खोली बदलावी लागली तर ती वाया जाते. फर्स्ट क्लास बराच महाग, आणि गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहावं लागतं. सेकंडचा पास एसी लोकलमध्ये चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: पास खिडकीवरून कागदी घ्या. मोबाइलवरचा पास ॲप उघडूनच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट टीसी मानत नाही. दिवसभर रेकॉर्डिंग आणि फोनाफोनी करून संध्याकाळी बॅटरी संपलेली असते. अशा वेळी तुम्ही विनातिकीट ठरता. किमान २५० रुपये दंड, वर भाडं. पासबरोबर ओळखपत्र जवळ हवंच, कारण त्याचा नंबर पासवर छापलेला असतो. कागदाला प्लास्टिकचं पाकीट लावा, पावसाळ्यात शाई पसरते.

रविवारी ड्यूटी असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवणं) कुठे आहे ते पाहून निघा. पावसात सायन-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी भरलं की मध्य रेल्वे अडकते, आणि बातमीही नेमकी तिथेच असते. अशा दिवशी पास असून उपयोग नाही, टॅक्सीपुरते रोख पैसे खिशात असू द्या.

रात्री साधारण एक ते चार लोकल नसते. क्राइम किंवा रात्रपाळी मिळणार असेल, तर ऑफिसची गाडी नेमकी कुठवर सोडते हे विचारून मगच खोली ठरवा.