सॉफ्ट क्लोजच्या नावाखाली साध्या बिजागऱ्या: गावच्या घरी झालेली फसवणूक

मे महिन्यात गावी जाऊन घराची रखडलेली कामं उरकणाऱ्या सगळ्या चाकरमान्यांनी हे जरूर वाचावं. "जुन्याच कपाटाला एका दिवसात सॉफ्ट क्लोज करून देतो, दारं बदलायची गरज नाही" (सॉफ्ट क्लोज म्हणजे दार न आपटता अलगद मिटवणाऱ्या बिजागऱ्या) असं सांगत गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाने आमच्या देवगड तालुक्यातल्या घरी ९,६०० रुपये घेतले आणि साध्या बिजागऱ्या मारून गेला. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण ज्या घरात वर्षाचे दहा महिने म्हातारी माणसं एकटी असतात, नेमकी तीच घरं तो निवडतो, याचा मला जास्त संताप आहे.

आमचं कपाट भिंतभर आहे. सहा दारं, प्रत्येक साडेसहा फूट उंच, १९ मिलिमीटर प्लायची, त्यातल्या एकाला पूर्ण उंचीचा आरसा. सासूबाईंचे हात हल्ली थरथरतात. दार हातातून सुटलं की शेवटच्या वीतभर अंतरात बिजागरीची स्प्रिंगच ते ओढून घेते आणि धाडकन आपटते. आरशाच्या दाराची तर त्यांना भीतीच बसली होती. म्हणून सॉफ्ट क्लोज करायचं घरात आधीच ठरलं होतं. तेवढ्यात हा गाडी घेऊन दारात उभा राहिला.

त्याच्याकडे नमुन्याचा एक फळा होता. त्यावर दीड फुटाचं दार बसवलेलं. "ढकला आणि सोडा, ताई," म्हणाला. दार निम्म्यापर्यंत भरकन आलं आणि मग अलगद मिटलं. मग खिशातून लोहचुंबक काढून त्या बिजागरीला लावलं. चिकटलं नाही. "बघा, शंभर टक्के स्टेनलेस. खाऱ्या हवेत काही होणार नाही. दहा वर्षांची गॅरंटी." एका बिजागरीचे मजुरीसकट ४०० रुपये, अशा चोवीस. निम्मे पैसे आधी.

चुंबकाच्या या खेळाबद्दल आत्ताच सांगते, कारण त्यावर खूप लोक विश्वास ठेवतात. किनाऱ्यावर टिकायला निदान ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील लागतं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेलं असतं, आणि ते समुद्राकाठी लवकर गंजतं. पण चुंबक साधारणपणे दोघांनाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने फार तर साधं लोखंड ओळखता येतं. फरक बघायचा तर हार्डवेअरच्या दुकानात तपासणीच्या द्रावाची बाटली मिळते, तिचा थेंब टाकून बघावा लागतो. आणि आमच्याकडे तर चुंबक फक्त फळ्यावरच्या बिजागरीला लागलं. खोक्यातून जो माल निघाला त्याच्या जवळपासही ते नेलं नाही.

घरात आंब्याच्या पेट्या भरायची गडबड चालू होती. त्याने दारं उतरवून पडवीत नेली आणि तिथेच काम केलं. संध्याकाळी आम्हाला बोलावून एकेक दार स्वतः लावून दाखवलं, मुठीवर हात शेवटपर्यंत ठेवून. जराही आवाज नाही. काढलेल्या जुन्या बिजागऱ्या त्याने गोणत्यात भरल्या. "हे भंगार मी घेऊन जातो, तुम्हाला कशाला पसारा?" उरलेले पैसे क्यूआर कोडवर घेतले, छापील बिल दिलं आणि गेला. सुट्टी संपली, आम्ही मुंबईला आलो.

पाऊस लागला आणि सासूबाईंचा फोन आला, दारं पुन्हा आपटायला लागली. त्या माणसाला फोन केला तर आधी "लाकूड फुगतं पावसात, सेट होईल", नंतर "या आठवड्यात येतो", आणि मग नंबरच बंद. गणपतीला गेलो तेव्हा बिजागऱ्यांच्या वाट्यांभोवती (दारात बसणाऱ्या गोल भागाभोवती) तांबूस ओघळ आले होते आणि मधली दोन दारं एकमेकांत अडकत होती.

आमच्या वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी आरशाच्या दाराची मधली बिजागरी सोडवली, तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबली. टक्क करून मिटली. मग वरची सोडवली, तिचं तेल गळून प्लायवर पट्टा उमटला होता, तरी ती थोडी रेंगाळून मिटली. "वयनी, ही येकच काय ती हायड्रॉलिक. बाकीची साधी आसत." मग दांडीवरचं राखाडी प्लास्टिकचं टोपण नखाने उचकटून माझ्या हातात दिलं. आत पोकळ. खऱ्या सॉफ्ट क्लोज बिजागरीत तेल भरलेला छोटा सिलिंडर असतो, दांडीवर नाहीतर वाटीच्या आत. आमच्या अठरा बिजागऱ्यांवर नुसता त्याचा आकार चिकटवलेला होता. दर दाराला वरची एक खरी, खालच्या तीन खोट्या. बिलात मात्र चोवीस हायड्रॉलिक.

मग मे महिन्यात दारं आवाज न करता लागली कशी? दाराच्या कोपऱ्यांना आतून सिलिकॉनच्या पारदर्शक टिकल्या लावल्या होत्या. त्यांनी आवाज मरतो, दाराचा वेग कमी होत नाही. दमट हवेत त्या सुटल्या आणि कपाटाच्या तळाशी सापडल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पकडल्यावर असे लोक तिचाच आधार घेतात. प्रत्येक बिजागरी सॉफ्ट क्लोज असावीच असं नाही. चार बिजागऱ्यांच्या दाराला दोन सॉफ्ट आणि दोन साध्या लावणं हे सरळ काम आहे. हलक्या दाराला सगळ्या हायड्रॉलिक लावल्या तर ते शेवटी पूर्ण मिटायलाच कंटाळा करतं, म्हणून काही बिजागऱ्यांवर तेलाचा दाब बंद करायची छोटी कळही असते. पण प्रामाणिक सुतार हे आधी सांगतो आणि साध्याचे पैसे साधेच लावतो.

जास्त नुकसान मधल्या दारांचं झालं. दोन दारं एकाच फळीवर बसत असली की तिथे बाक असलेली बिजागरी लागते. आपल्याकडचे सुतार तिला आठचा किंवा नऊचा क्रँक म्हणतात. टोकाच्या दाराला झिरो म्हणजे बिनबाकाची सरळ, मधल्याला आठ, फळीच्या आत बसणाऱ्या दाराला सोळा. या माणसाकडे सगळा झिरोचाच माल होता. दारं एकमेकांवर चढायला लागली तेव्हा त्याने पडवीत बसून त्यांच्या कडांवर रंधा मारला. कडेची पट्टी गेली, प्लायचे पदर उघडे पडले आणि चार महिन्यांच्या पावसात कड फुगून बोटभर पसरली. बिजागऱ्या बदलता येतात, ती कड पूर्वीसारखी होत नाही.

आणि जुन्या बिजागऱ्या? सासऱ्यांनी कपाट करून घेतलं तेव्हा सुतारकाकांनीच चांगल्या स्टेनलेसच्या आणून बसवल्या होत्या. इतकी वर्षं खाऱ्या वाऱ्यात एकीलाही गंज नव्हता. तो "भंगार" म्हणून जे घेऊन गेला ते त्याने लावलेल्या मालापेक्षा मोलाचं होतं. जुनं सामान कोणालाही देऊ नका. तुमच्या कपाटाला काय होतं याचा तोच पुरावा असतो, आणि काम फसलं तर तेच परत लावता येतं.

आता बिलाकडे या. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असला की २७ ने सुरू होतो. आमच्या बिलावरचा २७ नेच सुरू होत होता, पण मोजला तर १४ अक्षरं. क्यूआर कोडवरचं नाव बिलावरच्या दुकानाशी जुळत नव्हतं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की दुकान खरं आहे का ते मिनिटभरात कळतं, लॉगिनही लागत नाही. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि छापील किंमत असायलाच हवी. पांढऱ्या खोक्यावर यातलं काहीच नसेल तर तिथेच थांबा.

माल बसवण्याआधी प्रत्येक बिजागरी हातात घ्या आणि तळहाताने दाबून मिटवा. बोटं मध्ये ठेवू नका, साधीची स्प्रिंग जोरात चावते. साधी फटकन मिटते, हायड्रॉलिक शेवटच्या टप्प्यात हळू होते. काम झाल्यावर दार कारागिराला लावू देऊ नका. स्वतः वीतभर उघडं ठेवून सोडा, मग निम्मं उघडून ढकला, दोन्ही वेळा बघा. वजनही विचारा. ४ मिलिमीटर आरशाचं वजन चौरस मीटरला १० किलो भरतं, म्हणजे आमच्या दाराला त्याचेच आठ-नऊ किलो. फळ्यावरच्या दीड फुटी दारावरून त्याचा अंदाज कसा येणार? वाटीचं ३५ मिलिमीटरचं भोक बहुतेक सगळ्यांना चालतं, पण बाजूच्या स्क्रूंचं अंतर कंपनीप्रमाणे वेगळं असतं. जुन्या भोकात लाकडाची खुंटी गोंदाने न ठोकता शेजारीच नवा स्क्रू मारला तर तो धरत नाही. आमचे अर्धे स्क्रू नुसत्या हाताने फिरत होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. बिलावरचा पत्ता खोटा निघाला. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि खातेदाराचं नाव एवढंच हाती आहे, म्हणूनच रोख देऊ नका. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार राहत्या ठिकाणाहून करता येते, मुदत दोन वर्षांची आहे. गावचं काम फसलं तरी मुंबईतून दाद मागता येते, हे चाकरमान्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

पाऊस सरून प्लाय सुकल्यावर सुतारकाकांनी कपाट पुन्हा केलं. जुनी भोकं खुंट्यांनी बुजवली, फुगलेल्या कडा कापून लाकडी पट्टी लावली. प्रत्येक दाराला दोन सॉफ्ट, दोन साध्या, आरशाच्या दाराला तीन सॉफ्ट आणि एक साधी. माल कणकवलीच्या दुकानातून पक्क्या बिलावर आणला, आणि लावण्याआधी प्रत्येक बिजागरी त्यांनी सासूबाईंच्या हातात देऊन दाबायला लावली.