सुभेदार सरांचा सैनिकी शाळा प्रवेश वर्ग, सातारा : एका पालकाचे परीक्षण

सातारा शहरात सैनिकी शाळांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गांना तोटा नाही. देशातील पहिली सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी याच गावात सुरू झाली. जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील 46 जण कामी आले. साहजिकच येथील अनेक घरांत मूल पाचवीत गेले की सैनिक स्कूलचा विषय निघतो आणि भिंतीवर बंदुकीचे चित्र रंगवलेल्या वर्गांचे फावते. आमच्या मुलीने पाचवीचे संपूर्ण वर्ष ज्या वर्गात काढले, त्याच्या दारावर असे चित्र नाही, किंबहुना पाटीही नाही. चालकांना जाहिरात नको असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. ‘सुभेदार सरांचा वर्ग’ एवढे विचारले तरी शहरात पत्ता मिळतो.

या वर्गाचे मूल्यमापन करायचे तर सरांचे आयुष्य थोडक्यात सांगावे लागेल, कारण त्यांची शिकवण्याची सारी पद्धत त्यातूनच आलेली आहे. सर माण तालुक्यातील दुष्काळी गावचे. विज्ञानाची पदवी आणि बी.एड. झाल्यावर शिक्षकाची नोकरी मिळेना, तेव्हा ते सैन्याच्या शिक्षण विभागात, म्हणजे आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये, हवालदार म्हणून भरती झाले. या कोअरची स्थापना 1921 सालची असून तिचे प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढी येथे आहे. तेथून निघाल्यावर सरांची उमेद वेगवेगळ्या पलटणींत जवानांना शिकवण्यात गेली. बढतीसाठी लागणाऱ्या शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या परीक्षा, हिंदी, अंकगणित आणि नकाशावाचन हे त्यांचे विषय होते. सुभेदार म्हणून पेन्शनीवर आल्यानंतर त्यांनी एका खाजगी माध्यमिक शाळेत काही वर्षे गणित शिकवले आणि मग हा वर्ग काढला.

फौजी शिक्षक म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर मोठा आवाज, उठाबशा आणि शिस्तीचा बडगा येतो. काही पालक तर नेमक्या त्याच अपेक्षेने मुलांना येथे घालतात आणि काहीसे निराश होतात. सरांनी आयुष्यभर रंगरुटांची कवायत घेतलेली नाही. त्यांच्यासमोर बसत ते तिशीतले लान्स नायक आणि नायक. शाळा सुटून पंधरा वर्षे लोटलेली, अपूर्णांक म्हटले की घाम फुटणारा, पण नापास झालो तर बढती हुकेल आणि बरोबरीचे पुढे जातील या धास्तीने वही उघडून बसलेला हा विद्यार्थी असतो. त्याला रागावून चालत नाही आणि त्याचे हसे करून तर मुळीच चालत नाही. या माणसांना शिकवताना अंगी बाणलेला धीर आणि अदब आज दहा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला येते आहे, हे माझ्या मते या वर्गाचे खरे वैशिष्ट्य होय. सर मुलांना अरे-तुरे करीत नाहीत. ‘शिंदे, तुम्ही सांगा’ असे म्हणून उत्तर येईपर्यंत शांतपणे थांबतात. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी उत्तर फोडले तर त्याला मात्र समज मिळते.

पालकांना अधूनमधून मागच्या बाकावर बसण्याची मुभा आहे, त्यामुळे एक तास मला पुरता पाहता आला. अपूर्णांकांच्या बेरजेची रीत फळ्यावर समजावून झाली, दोन उदाहरणे सोडवून झाली, आणि मग सरांनी खडू एका मुलीच्या हाती देऊन स्वतः बाकावर बैठक मारली. ‘आता तुम्ही उस्ताद, मी रंगरूट,’ असे म्हणत त्यांनी वहीत एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिले आणि भाबडेपणाने विचारले, ‘उस्ताद, बरोबर आहे ना?’ मुलीने आधी नुसतेच ‘चूक’ म्हटले. रंगरूट काही ऐकेना. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच, यात चुकले कुठे, असा त्याचा हेका. शेवटी तिने फळ्यावर भाकरीसारखे वर्तुळ काढले, अर्धी भाकरी रंगवली आणि दाखवून दिले की दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी. तेव्हा अर्ध्या भाकरीत आणखी भर घातल्यावर भाकरी घटेलच कशी? रंगरुटाने चूक कबूल केली. आधी सांगणे, मग करून दाखवणे, मग करवून घेणे आणि शेवटी सराव, हा सैन्यातील प्रशिक्षणाचा ठरलेला क्रम आहे. सरांनी त्यात ही उलटी परीक्षा आपल्या पदरची घातली आहे.

परीक्षेच्या हिशेबाने पाहता गणितावर दिलेला हा भर योग्यच ठरतो. सहावीच्या प्रवेशासाठी होणारी अखिल भारतीय परीक्षा 300 गुणांची असते आणि त्यांपैकी 150 गुण एकट्या गणिताचे असतात. भाषा, सामान्यज्ञान आणि बुद्धिमत्ता या तिन्ही विषयांना प्रत्येकी 50 गुण आहेत. एकूण 125 प्रश्नांसाठी 150 मिनिटे मिळतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून दर पंधरवड्याला होणाऱ्या सराव परीक्षेत एकही गोल कोरा सोडायचा नाही, असा दंडक आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर नुसते गुण लिहिलेले नसतात. कोणती चूक घाईची, कोणती न समजल्याची, हे लाल शाईने वेगवेगळे दाखवलेले असते.

रविवारच्या तासाबद्दल मात्र पालकांत दुमत आहे. त्या दिवशी सर नकाशा शिकवतात आणि परीक्षेत तर त्यावर जवळपास काहीच येत नाही. मला विचाराल तर फी याच तासाची द्यावी. मुलांना मूठ आवळायला सांगून सर बोटांच्या सांध्यांवर पेनाने एकाखाली एक कडी काढायला लावतात. समान उंचीच्या सर्व जागा एकाच रेषेवर आल्या पाहिजेत, एवढी एकच अट. मग हात उघडून टेबलावर सपाट ठेवला की तीच कडी समोच्चरेषांचा नकाशा होतात. कडी जवळजवळ आली तेथे कडा, लांब गेली तेथे सौम्य उतार आणि दोन सांध्यांच्या मधली खोलगट जागा म्हणजे खिंड. त्यानंतर सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा उघडून अजिंक्यतारा शोधायचा. या नकाशावर दोन रेषांमधील उंचीचा फरक 20 मीटर असतो, हे कळल्यावर किल्ल्याच्या कोणत्या बाजूने चढावे यावर वर्गात जी वादावादी झाली, ती पाठ्यपुस्तकातला भूगोल वाचून कधी झाली नसती.

आता उणिवा. भाषेच्या तयारीत हा वर्ग सरळसरळ कमी पडतो. विद्यार्थी मराठी माध्यमातून परीक्षा देणारे असले तरी सरांचे व्याकरण हिंदीच्या वळणाने जाते, आणि समानार्थी शब्द, वाक्प्रचार, उताऱ्यावरील प्रश्न यांचा सराव आम्हाला घरीच घ्यावा लागला. सामान्यज्ञानाच्या तासाला पदके, हुद्दे आणि रेजिमेंटची घोषवाक्ये यांचा मुक्काम लांबतो. विज्ञान आणि नागरिकशास्त्र मागे राहते. प्रत्येक विषयात किमान 25 टक्के आणि एकूण 40 टक्के गुणांची अट लक्षात घेता ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. जागेचे म्हणाल तर वर पत्रा आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारची तुकडी अक्षरशः भाजून निघते, पंखे दोनच. वेळेच्या बाबतीत सर हटवादी आहेत. तास सुरू झाल्यावर दार उघडत नाही, मग बस बंद पडलेली असो की पाऊस कोसळत असो. खेड्यावरून येणाऱ्या मुलांसाठी हा नियम शिथिल करावा, असे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले, नियम तसाच राहिला.

फी शहरातील नावाजलेल्या वर्गांच्या निम्म्याहून कमी असून वीरपत्नींच्या मुलांकडून ती घेतली जात नाही. मुलींसाठी सैनिक स्कूलची दारे 2021-22 पासून देशभर उघडल्यानंतर येथील तुकडीत मुलींची संख्या वाढली आहे आणि त्यांना कोठे मागे बसवले जात असल्याचे मला आढळले नाही.

ज्या मुलाचा गणिताचा पाया कच्चा आहे, पण ज्याला शिकण्याची हौस आहे, त्याच्यासाठी हा वर्ग डोळे झाकून निवडावा. ज्याचे गणित आधीच पक्के आहे आणि ज्याला केवळ प्रश्नसंचांचा मारा हवा आहे, त्याने दुसरीकडे चौकशी करावी. नाव नोंदवायला जाताना नेत्रतज्ज्ञांकडून मुलाचे डोळे तपासून तो अहवाल सोबत न्यावा. लेखी परीक्षेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत अडचण येणारच असेल, तर ती आधीच कळावी म्हणून अहवाल पाहिल्याशिवाय सर फी स्वीकारत नाहीत.