यूएसपीएसची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी : कार्ड परत गेल्यावर घेतली, अर्ज टाकतानाच घ्यायला हवी होती

अमेरिकेत ज्यांचं एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचं वर्क परमिट किंवा ग्रीन कार्ड पोस्टाने यायचंय त्यांनी हे वाचाच. यूएसपीएस म्हणजे इथलं पोस्ट, आणि इन्फॉर्म्ड डिलिव्हरी म्हणजे घरी काय टपाल येतंय हे आधी कळवणारी त्यांची सेवा. माझं ईएडी कार्ड, म्हणजे तेच वर्क परमिट, छापून निघालं, आमच्या बिल्डिंगपर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं, आणि मी आपली रोज संध्याकाळी पेटी उघडून बघतेय. अर्जाच्या ऑनलाइन केस स्टेटसला एक दिवस दिसलं की पोस्टाने कार्ड यूएससीआयएसला, म्हणजे इमिग्रेशन खात्याला, परत केलंय, पोटात गोळाच आला, कारण नोकरीची ऑफर हातात होती आणि कार्डाशिवाय जॉइन होता येत नाही.

कारणं दोन निघाली. वकिलाच्या ऑफिसने फॉर्म भरताना अपार्टमेंट नंबरच गाळला होता. आणि दुसरं आपल्याकडच्या बऱ्याच जणींना लागू पडेल, माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, लग्नानंतर बदललं नाही, आणि खाली मेलबॉक्सवर चिठ्ठी फक्त नवऱ्याच्या आडनावाची. चोवीस पेट्या, त्यात माझ्या नावाची एकही नाही, पोस्टमन तरी काय करणार, त्याला मी दोष देत नाही.

परत गेलेल्या कार्डाचं काय होतं हे मला माहीतच नव्हतं. २ एप्रिल २०१८ पासून नियम असा आहे की परत आलेलं ग्रीन कार्ड किंवा ईएडी, ६० कामकाजाच्या दिवसांत ज्याचं आहे त्याने संपर्क करून बरोबर पत्ता दिला नाही तर नष्ट करतात. शनिवार-रविवार धरत नाहीत म्हणजे जवळजवळ तीन महिने मिळतात, पण परत गेलंय हेच कळलं नाही तर ते तीन महिने असेच निघून जातात ना!

मी त्याच दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर कार्ड मिळालं नाही अशी ई-रिक्वेस्ट टाकली, अकाउंटमध्ये जाऊन पत्त्यात अपार्टमेंट नंबर घातला आणि शिवाय फोन केला. आधी मशीनच बोलतं, माणूस मिळेपर्यंत धीर धरायचा, पण मला भेटलेल्या बाईंनी पत्ता अक्षरन्‌अक्षर परत वाचून दाखवला, तेव्हा कुठे जीवात जीव आला. अर्जाचा रिसीट नंबर आणि पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर दोन्ही समोर लिहून ठेवा, तिथे शोधत बसू नका. आणि पोस्टात पत्ता बदलला म्हणजे यूएससीआयएसकडे बदलला असं अजिबात नाही, तिकडे वेगळं कळवावं लागतं, घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत.

आता इन्फॉर्म्ड डिलिव्हरीबद्दल. सेवा फुकट आहे, सकाळी ईमेल येतो, त्यात त्या दिवशी येणाऱ्या पत्रांचे काळे-पांढरे फोटो असतात. कार्ड मात्र प्रायॉरिटी मेलच्या पाकिटात येतं म्हणून त्याचा फोटो दिसेल असं समजू नका, पार्सलच्या यादीत ट्रॅकिंग नंबरसकट दिसतं, मोबाइलवर मेसेजही लावता येतो. परत गेलेली कार्डं दुसऱ्यांदा पाठवताना सही घेऊन, ज्याच्या नावाची त्याच्याच हातात द्यायची पद्धत २०१८ सालीच सुरू झाली, त्यामुळे माझं कार्ड पुन्हा येतंय हे आदल्या रात्री यादीत दिसल्यावर दुसऱ्या दिवशीची सगळी कामं रद्द करून घरात थांबले, पासपोर्ट दाराजवळच्या टेबलावर. घरी थांबणं शक्य नसेल तर यूएसपीएसच्या साइटवर होल्ड फॉर पिकअप करून पोस्टातून आणता येतं, आणि तेही जमत नसेल तर आपल्या वतीने सही करायला कोणाला तरी नेमायचा पोस्टाचा फॉर्म आहे.

या सेवेला पाचपैकी चार तारे देईन. एक कापला कारण ही सेवा तुमच्या नेमक्या घराच्या पत्त्याला जोडलेली असते, पाकिटावर अपार्टमेंट नंबरच नसेल तर ते तुमच्या यादीत येईल याचा भरवसा नाही, म्हणजे माझ्या पहिल्या पाकिटाला हिचाही उपयोग झाला नसता. शिवाय घरातल्या सगळ्यांची पत्रं दिसतात, रूममेटबरोबर राहत असाल तर त्यांना आधी सांगा. नवीन आलेल्यांची ओळख ऑनलाइन पटली नाही तर फोटो आयडी घेऊन पोस्टात जावं लागतं, म्हणून हे काम कार्ड निघायच्या आधीच उरकून घ्या.

आणि सही करायला फॉर्म आला की पत्त्याची ओळ मोठ्याने वाचा, इन केअर ऑफचा, म्हणजे ‘द्वारा’चा, रकाना असतो तिथे ज्याचं नाव पेटीवर आहे त्याचं नाव टाका. आमच्या पेटीवर आता दोन्ही आडनावं आहेत. पुढच्या महिन्यात जाऊबाई येतायत एच-४ वर, त्यांचंही माहेरचंच आडनाव आहे, तिसरी चिठ्ठी कालच चिकटवली.