नान्नजचा माळ की बिकानेरचं जोडबीड?

यंदाच्या थंडीत शिकारी पक्षी बघायचेत आणि मन राजस्थानकडे ओढतंय, तर तिकीट काढण्याआधी एवढंच ठरवा: बसलेले बघायचेत की शिकार करताना?

जोडबीड बिकानेरला लागूनच आहे. मेलेली उंट-गुरं तिथे आणून टाकतात, म्हणून हिवाळ्यात मध्य आशियातले स्टेप गरुड आणि गिधाडं शेकड्यांनी उतरतात. पांढरं गिधाड, ग्रिफन, अवाढव्य काळं गिधाड, सगळी एका सकाळीत. पक्षी जमिनीवर नाहीतर खेजडीच्या झाडावर निवांत बसलेले, त्यामुळे ओळख पक्की करायला उत्तम. स्टेप गरुडाची पिवळी जिवणी डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, टॉनी गरुडाची डोळ्याच्या मध्याशी थांबते. हा फरक तिथे एकदा नजरेत बसला की जात नाही. वास सोसावा लागतो. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात, गाडीपासून लांब जाऊ नका. आणि सोलापूरकरांनी आठवडाभराची रजा धरावी.

नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापूरहून बार्शी रोडला, वीसेक किलोमीटरवर. गरुडांची गर्दी इथे नाही. इथे भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी बघायचा. ऑक्टोबर ते मार्च तो गवतावरून हातभर उंचीने, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत जातो आणि नाकतोडा दिसला की जागीच वळून खाली पडतो. राखाडी नराच्या पंखावर आडवी काळी रेघ असेल तर माँटेग्यूचा भोवत्या. रेघ नाही, फक्त टोकाशी काळी पाचर, तर पांढुरका. माद्यांपुढे अनुभवी माणूसही गप्प बसतो.

हवेत एका जागी थांबलेला पक्षी म्हणजे खरूचीच (केस्ट्रेल, छोटा ससाणा), असं धरू नका. कापशी घार तसंच करते, आणि भलामोठा सापमार गरुडसुद्धा.

अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते, पण बाहेरच्या ज्वारीच्या रानांवरही पुष्कळ दिसतं. दहानंतर ऊन तापून हवा थरथरते, मग दुर्बीण निरुपयोगी. म्हणून उजाडताच पोहोचा, मधे कुणाच्या शेतात हुरडा खा, चारला पुन्हा माळावर या. सांजेला भोवते रात्रीसाठी गवतात जमिनीवरच उतरतात. तिथे पायी घुसू नका, उठवलेला पक्षी अंधारात कुठे जाणार?

पहिलीच वेळ असेल तर मी नान्नजच सांगेन, तेही चार रविवार. उडता भोवत्या ओळखू लागलात की जोडबीडला जा, तिथले गरुड दुप्पट कळतील. गिधाडांसाठीच जीव तुटत असेल, तर मात्र थांबू नका, थेट बिकानेर गाठा.